डीजे हेडफोन, वायरचा, कान झाकणारा : काय बघून घ्यावा?

ए-३०२: मुलगी मिक्सिंग शिकतेय, डिजिटल पियानोलाही तोच लावायचाय. कान पूर्ण झाकणारा हेडफोन हवा, फार महाग नको. ब्लूटूथ चालेल का?

सी-१०४: ताई, ब्लूटूथ नकोच. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो, बीट जुळवताना तर काहीच जमत नाही. वायरचा, क्लोज्ड-बॅक, म्हणजे कपाची मागची बाजू बंद असलेला घ्या. इम्पीडन्स, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा, ३२ ते ७० ओहम असला की सहसा फोन, लॅपटॉप, मिक्सर सगळीकडे भागतं. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये येतो. नाव तेच, पण २५०वाला फोनवर हळू वाजतो. खोक्यावरचा आकडा वाचूनच उचला.

बी-५०१: ५० एमएमचा ड्रायव्हर, म्हणजे कपातला छोटा स्पीकर, असला की बेस जास्त ना?

सी-१०४: नाही काका, त्या आकड्यावर जाऊ नका. गादी कानाभोवती घट्ट टेकली नाही की मोठ्या ड्रायव्हरचाही बेस गळतो. चष्म्याची दांडी मधे आली तरी तेच. बेसचं गाणं लावा आणि दोन्ही कप हाताने हलके दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला, तर ती गादी त्या डोक्याला बसत नाही. कानाची पाळीही आत पूर्ण मावली पाहिजे. सेनहायझरचा एचडी २५ डीजेंमध्ये प्रसिद्ध आहे, पण तो कानावर टेकतो, कान झाकत नाही.

डी-२०३: वायरकडे जास्त लक्ष द्या. पिनेच्या मुळाशी वाकून वाकून आतली तार तुटते आणि एका कानात खरखर सुरू होते, म्हणून निघणारी वायर हवी. ऑडिओ-टेक्निकाच्या एम२०एक्स आणि एम३०एक्सची वायर कायमची जोडलेली असते, एम४०एक्सची निघते. मात्र त्याचं सॉकेट २.५ एमएमचं, फिरवून लॉक होणारं आहे, साधी ३.५ची वायर बसत नाही. स्पेअर मिळते का ते आधी बघा. स्प्रिंगसारखी कॉइल वायर मिक्सरपाशी उभं राहायला बरी, पियानोवर ती डोकं ओढते. पियानोला बऱ्याचदा ६.३५ एमएमचा अडॅप्टर लागतो, स्क्रूने बसणारा घ्या.

ए-३०२: तिच्या फोनला ३.५चं भोकच नाहीये.

डी-२०३: मग टाइप-सी कन्व्हर्टर, पण आत डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा हेडफोनला चालणारा सिग्नल करणारी चिप असलेला. नाहीतर बऱ्याच फोनवर आवाजच येत नाही.

सी-१०४: आणि परत करायची मुदत आहे तोवर तपासून घ्या. गाणं चालू ठेवून वायर पिनेपाशी आणि कपापाशी हलवा, खरखर आली की परत. एका बाजूने कमी ऐकू येत असेल तर हेडफोन उलटा घाला. कमी आवाज दुसऱ्या कानात गेला तर दोष हेडफोनचा. कप मागे वळतो ना, तेही बघा, एका कानाने ऐकायला तेच लागतं. घडीच्या सांध्यात नुसतं प्लास्टिक असेल तर तिथेच तडा जातो.

बी-५०१: आवाजाचंही तिला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांना ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास, मुलांना ७५वर तेवढेच.

ए-३०२: बरं. गाद्या सुट्या मिळतात का?

डी-२०३: बऱ्याच मॉडेलच्या मिळतात, पण मॉडेलचं नाव घालून शोधा. रेक्झिनच्या गाद्यांचे कालांतराने पापुद्रे निघतात, तेव्हा बदलाव्या लागतीलच.