वाकॉचे वकीलसाहेब: जॉन डिफेनबेकर आणि तुमचे अनुभव

गेल्या रविवारी वाकॉला जाऊन आलो. कॅनडाच्या सस्काचेवान प्रांतातलं, सस्काटूनहून गाडीने साधारण तासाभराचं गाव. पुढे कॅनडाचे पंतप्रधान झालेल्या डिफेनबेकरांच्या पहिल्या वकिली ऑफिसची प्रतिकृती तिथे जपली आहे. दोन खोल्या, त्याही लाकडी. दारात उभा राहिलो आणि हललोच नाही. १९१६ साली लेफ्टनंट होऊन इंग्लंडला गेलेला हा तरुण फ्रान्सच्या आघाडीवर पोचलाच नाही. तब्येतीच्या कारणाने १९१७ मध्ये त्याला घरी पाठवलं. १९१९ साली सनद मिळाली आणि त्याच उन्हाळ्यात जेमतेम चारशे वस्तीच्या या गावात त्याने पाटी लावली.

त्यानंतर पराभवच पराभव. १९२५ आणि १९२६ ला ओटावाच्या, म्हणजे केंद्रीय संसदेच्या निवडणुकीत, १९२९ ला प्रांताच्या, १९३३ ला प्रिन्स अल्बर्टच्या महापौरपदाच्या. १९३८ मध्ये तर प्रांतातल्या पक्षाचे नेते असूनही स्वतः पडले. १९४० साली पहिल्यांदा खासदार, १९५७ साली पंतप्रधान, आणि पुढच्याच वर्षी २६५ पैकी २०८ जागा! हा माणूस तुम्हाला कुठे, कसा भेटला ते लिहा. कॅनडात राहत नसाल तरी लिहा.

तालुक्याच्या कोर्टातून

मी सोलापूर जिल्ह्यात वकिली करतो. वाकॉच्या दुकानदारांनी डिफेनबेकरांना ऑफिससाठी जागा भाड्याने दिली नव्हती, कारण गावात आधीच एक वकील होते आणि सगळे त्यांना धरून होते. शेवटी यांनी मोकळा प्लॉट भाड्याने घेऊन त्यावर खोल्या बांधल्या. हे वाचलं तेव्हा मला माझं पहिलं वर्ष आठवलं. कोर्टासमोरचा गाळा ठरला होता, पण आदल्या रात्री मालकाचा फोन आला, "वकीलसाहेब, जमणार नाही." कारण मी विचारलं नाही, मला ते ठाऊक होतं. सात महिने झेरॉक्सच्या दुकानाबाहेर टेबल टाकून बसलो. पावसात वकीलपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचो. पहिला पक्षकार आला तो एक मेंढपाळ, त्याला बाररूममध्ये कुणी उभं केलं नव्हतं. वाकॉतही स्थलांतरित शेतकरी, इंग्रजी नीट न येणारे, याच वकिलाकडे यायचे. आडनाव जर्मन वळणाचं म्हणून त्यांनी स्वतः टोमणे खाल्ले होते.

नागपूरहून

माझे वडील रेल्वेत तारबाबू होते, म्हणून मला कनू रिव्हरच्या रेल्वे अपघाताचा खटला विसरता येत नाही. २१ नोव्हेंबर १९५० ला कोरियाला निघालेल्या सैनिकांची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली. १७ सैनिक आणि ४ रेल्वे कर्मचारी गेले. गाडीला दिलेल्या हुकमातले दोन शब्द गळाले होते, आणि आरोप आला बावीस वर्षांच्या तार कर्मचाऱ्यावर, जॅक अ‍ॅथर्टनवर. डिफेनबेकर तेव्हा खासदार होते आणि पत्नी एडना रक्ताच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या. ही केस घ्याच, असं एडनांनीच त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. फेब्रुवारी १९५१ मध्ये त्या गेल्या. डिफेनबेकरांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांताची वकिलीची परीक्षा दिली, १५०० डॉलर फी भरून तिथली सनद घेतली आणि प्रिन्स जॉर्जच्या कोर्टात उभे राहिले. मुलगा निर्दोष सुटला.

वडील संध्याकाळी घरी आले की दिवसभराचे निरोप मनातल्या मनात पुन्हा वाचायचे. जेवताना बोटं ताटाच्या कडेवर कट्ट-कडकट्ट चालायची. चूक नेहमी खालच्या माणसाच्या नावावर जमा होते, असं ते म्हणायचे.

टोरांटोहून

आमचे काका १९६५ मध्ये इथे आले, दादरहून. त्याआधी भारतातून वर्षाला फक्त ३०० जणांना कोटा होता, तोसुद्धा १५० वरून वाढवलेला. १९६२ च्या नियमांनी वर्णभेदाची अट जवळजवळ संपवली. ते नियम आणले मंत्री एलन फेअरक्लो यांनी, देशाच्या केंद्रीय मंत्रिमंडळातल्या पहिल्या महिला, आणि त्यांना तिथे घेतलं डिफेनबेकरांनी. गुण मोजून स्थलांतरितांना प्रवेश देण्याची पॉइंट पद्धत १९६७ ची, तिचं श्रेय पुढच्या सरकारला. काकांना हे नीट ठाऊक होतं. भिंतीवर मात्र फोटो याच वकिलाचा, काकूंनी हळदीकुंकवाच्या दिवशी पुसून ठेवलेला.

ओटावाहून

मी थोडी वेगळी बाजू मांडते. माझे शेजारी विमान कारखान्यात होते. २० फेब्रुवारी १९५९ ला डिफेनबेकर सरकारने अ‍ॅरो या लढाऊ विमानाचा प्रकल्प रद्द केला आणि त्याच दिवशी हजारो लोक घरी बसले. ते आजोबा डिफेनबेकरांचं नावही घेत नसत. मला त्यांचा राग पटतो. पण १९६० साली आदिवासी समाजाला आपली कायदेशीर ओळख न सोडता मतदानाचा हक्क मिळाला, त्याच वर्षी हक्कांचा कायदा झाला, हेही याच माणसाच्या हातून झालं. दोन्ही गोष्टी सांगायलाच हव्यात.

पुन्हा सस्काटूनहून

सगळ्यांचं वाचलं. नागपूरच्या ताईंनी ताटाच्या कडेचं लिहिलंय ते मोठ्याने वाचून दाखवलं घरात. काल संध्याकाळी विद्यापीठात गेलो होतो. १९७९ च्या ऑगस्टमध्ये ओटावाहून रेल्वेने आणून डिफेनबेकरांना इथे, नदीकाठी पुरलं. शेजारी दुसऱ्या पत्नी ऑलिव्ह. गवत नुकतंच कापलेलं होतं, पाण्याचा आवाज येत होता. वकीलसाहेब, तुमच्या टेबलाचा फोटो असेल तर टाका, वाकॉच्या दाराशेजारी ठेवायचा आहे.