काजूवाल्यांना सोबत घेतल्याशिवाय वणवा आटोक्यात येणार नाही

'बागायतदारांवर गुन्हे घाला, वणवे आपोआप थांबतील' हे मत पटलं नाही. मार्च 2023 मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती, ते सगळ्यांना आठवतं. पण उभ्या चढणीवर हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपायला माणसंच लागतात, आणि कुठली पायवाट कुठे निघते हे तिथल्या सत्तरी तालुक्यातल्या गावकऱ्यालाच विचारावं लागतं.

काजूचं म्हणाल तर बोंडू, म्हणजे काजूचं फळ, गळायच्या आधी झाडाखालचं रान साफ करावंच लागतं, नाहीतर बिया पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पाचोळ्यात, सापडत नाहीत. मजुरी परवडत नाही म्हणून काहीजण काडी लावतात. दुपारचा वारा सुटला की संपलंच! त्यापेक्षा वनखात्याने जानेवारीतच जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून पाला-गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढायचं काम याच लोकांना रोजंदारीवर द्यावं, आणि पातेरा कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, आच्छादनाला जावा.

फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया या केंद्र सरकारच्या संस्थेकडे नाव नोंदवलं की उपग्रहाचे आगीचे इशारे कुणालाही फुकट मिळतात. उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो, त्यामुळे धूर आधी गावालाच दिसतो. तेव्हा फोन कुणाला करायचा, तो नंबर निदान पंचायतीच्या फलकावर तरी लावा.