चातुर्मासातही हप्ता येतो, पण...

चातुर्मासात लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी आटतात म्हणून ग्राहकांसाठी मासिक सभासदत्व सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. जरूर करा, पण 'वर्षभर कधीही फोटो' असं कबूल करू नका. मी केलं होतं, सगळे नेमके दिवाळीच्या आठवड्यात उगवले! आता फक्त बाळाच्या पहिल्या वर्षाचं सभासदत्व देतो: बारसं, उष्टावण, बोरन्हाण, वाढदिवस. डोक्यावरून चुरमुरे-बोरं ओघळताना बाळ जे काही तोंड करतं ना, तो फोटो पाहून आईबाप पुढचं वर्षही तिथेच पक्कं करतात. हप्ता यूपीआय ऑटोपेवर लावा, म्हणजे तो ग्राहकाच्या खात्यातून आपोआप येतो. त्याने एकदा मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन लागत नाही, 'उद्या देतो'ची कटकट संपते. एडिट केलेले फोटो किती देणार, तो आकडा मात्र आधीच लिहून द्या.