‘नॅरेटिव्ह आयडेंटिटी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकॲडम्स यांच्या कामावर लेख लिहिते आहे. माणूस आपल्या आयुष्याची एक गोष्ट मनात रचत जातो आणि ‘मी कोण’ याचं उत्तर त्याला त्या गोष्टीतून मिळतं, अशी त्यांची १९८५ पासूनची मांडणी. मी ‘कथनात्म अस्मिता’ लिहिलं आणि तेव्हापासून ते खटकतंय.

उत्तर : खटकतंय ते ‘अस्मिता’मुळे. ‘अस्मि’ म्हणजे ‘मी आहे’, त्यावरून ती आली. योगसूत्रांत तिची गणना पाच क्लेशांत आहे. आजच्या मराठीत मात्र अस्मिता समूहाची असते, ती जागी होते, दुखावली जाते. शेजारच्या काकूंची अस्मिता असं कुणी म्हणत नाही. ‘नॅरेटिव्ह’ही तसाच ठेवू नका, तो हल्ली प्रचाराच्या भाषेत गेलाय.

मी ‘ओळख’ घेईन. ओळख होते, वाढते, पटते, कुणी दाखवत नाही. यातलं काहीच एकट्यानं होत नाही, समोर दुसरं माणूस लागतं. आणि संशोधन नेमकं तेच सांगतं. युटा विद्यापीठातल्या मोनिषा पसुपती यांनी ऐकणाऱ्यांचा अभ्यास केला. ऐकणाऱ्या मित्राचं लक्ष दुसरीकडे असेल तर सांगणाऱ्याची हकीकत आखडते. आजी गोष्ट सांगताना ‘हं म्हण’ असं का बजावायची, ते मला हे वाचल्यावर कळलं. एमरी विद्यापीठातल्या रॉबिन फिव्हश यांच्या कामातही हेच : आई मुलाशी मागच्या गोष्टी खोलात जाऊन बोलत असेल, तर मूलही पुढे आपल्या आठवणी तपशिलानं सांगू लागतं. म्हणून ‘जीवनकथेतली ओळख’.

प्रश्न : आभार. मग मॅकॲडम्स यांचे गोष्टींचे दोन प्रकार, ‘रिडेम्प्शन’ आणि ‘कंटॅमिनेशन’? पहिल्यात वाइटातून चांगलं निघतं, दुसऱ्यात चांगलं नासतं. पहिल्याला ‘सुफळ संपूर्ण’ म्हणू का?

उत्तर : दुसऱ्याला मराठीत शब्द तयारच आहे, ‘दुधात मिठाचा खडा’. लग्नाचा दिवस आठवताना कुणी आधी मांडवातलं भांडण सांगतं, तो हाच प्रकार.

‘सुफळ संपूर्ण’ नको. श्रावणातल्या कहाणीत वसा टाकला म्हणून वैभव जातं, पुन्हा घेतला की जसंच्या तसं परत येतं. मॅकॲडम्स यांच्याकडे गेलेलं परत येतंच असं नाही. वडील गेले ते गेलेच, पण त्या आजारपणात दुरावलेला भाऊ जवळ आला, असं सांगणं म्हणजे रिडेम्प्शन. ‘उद्धार’ आणि ‘तारण’ यांना धर्माचा वास आहे. ‘इष्टापत्ती’ सर्वांत जवळचा.

आणखी एक मत : ‘इष्टापत्ती’ला माझा विरोध आहे. नोकरी गेली ती इष्टापत्ती ठरली, हे ठीक. वडिलांच्या जाण्याला तो शब्द लावून पाहा, जीभ रेटत नाही. त्यात ‘झालं ते बरंच झालं’ असा सूर आहे, आणि वरच्या उदाहरणात तसं कुणी म्हणत नाहीये. तिथे ‘दुःखातून निघालेलं चांगलं’ असं सरळ लिहावं, लांब झालं तरी चालेल.

उत्तर : हे पटलं. ‘इष्टापत्ती’ मागे घेतो.

प्रश्न : ‘जीवनकथेतली ओळख’ लेखात घालून पाहिलं. ‘लग्नानंतर तिची ओळख बदलली’ हे वाक्य नाव बदलल्यासारखं वाचलं जातंय. तेवढ्या ठिकाणी ‘तिची स्वतःशी असलेली ओळख’ करते.