मदत हवी आहे: लेकीसाठी पीसी असेंबल करावा की तयार ब्रँडेड घ्यावा? (ठाणे)

नमस्कार मंडळी,

लेक आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरातला डेस्कटॉप २०१५ चा, चौथ्या पिढीचा आय-५. आतापर्यंत ढकलला, पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यात आता स्केचअपच्या जड फाइली आणि ब्लेंडर, दोन्ही थ्रीडी सॉफ्टवेअर. परवा रेंडर (मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र काढणं) लावून आम्ही जेवलो, भांडी आवरली, मालिका संपली, तरी पट्टी निम्म्यावरच.

लॅपटॉप नको हे ठरलंय. मॉनिटर, कीबोर्ड घरात आहेत. बजेट ७० हजार, ओढूनताणून ७५.

घरात दोन पक्ष पडलेत. यांचं म्हणणं, ब्रँडेड घ्या, तीन वर्षं माणूस घरी येऊन बघेल. लेक म्हणते, पार्ट आणू आणि आपणच जोडू. मी मध्ये. २००४ साली माझ्या भावाने लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून पीसी जोडला होता. मॉनिटर तेव्हाचा, मागे भलीमोठी ढेरी असलेला. ग्रँट रोडहून दादर, तिथे पूल चढून ठाण्याची गाडी, आणि तो खोका मांडीवर. घरी आल्यावर अर्धा तास त्याला पाय सरळ करता येईनात. मशीन आठ वर्षं चाललं, पण कुरकुरलं की दर वेळी भावाला फोन. भाऊ आता पुण्यात.

नौपाड्यातल्या एका दुकानाचं कोटेशन: आय-५ १२४००एफ, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, 'कॅबिनेट विथ एसएमपीएस' (म्हणजे आतल्या सगळ्याला वीज पुरवणारा डबा). ७१ हजार, विंडोज वेगळं.
ब्रँडेड: आय-५ १४४००, ८ जीबी, ५१२ जीबी, ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज ११ सकट ६४ हजार. यांचं म्हणणं, कार्ड नंतर घालू.

एसएमपीएस कुठल्या कंपनीचा विचारलं तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, तो कॅबिनेटसोबतच येतो." हे काही पटलं नाही. आणि खरा प्रश्न हा की सबमिशनच्या आदल्या रात्री बंद पडला तर आम्ही कुणाच्या दारात जायचं?

कळवेकर:
ताई, 'कार्ड नंतर घालू' म्हणताय तर आधी त्या ब्रँडेडचं झाकण उघडून दाखवायला सांगा. अशा बऱ्याच मशीनमध्ये एसएमपीएस कमी वॉटचा असतो, शिवाय त्याचा आकार आणि कनेक्टर त्या कंपनीचे स्वतःचे. बाजारातला दुसरा बसतच नाही. ८ जीबीच्या ३०५० साठी ती चिप बनवणारी एनव्हिडिया ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते. ब्लेंडरचं रेंडर कार्डावर पळतं, त्यामुळे बिनकार्डाच्या मशीनवर तुमच्या पुन्हा दोन मालिका होतील. :)

चुंबक (नेरूळ):
असेंबल्डच घ्या, पण त्या कोटेशनवर नको.
१२४०० पुढचा 'एफ' म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडून सर्व्हिस सेंटरला गेलं की अख्खं मशीन आंधळं. बिनएफचा घ्या, थोडे पैसे जास्त जातील. कार्ड परत येईपर्यंत निदान ड्रॉइंग तरी होतील. तुमच्या सबमिशनच्या रात्रीचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. असेंबल्डला घरी कुणी येत नाही, प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी आणि तो घेऊन आपणच जायचं. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.
३०५० दोन तऱ्हेचं मिळतं. ८ जीबीचं १३० वॉटचं, ६ जीबीचं ७० वॉटचं. दुसरं फक्त मेमरीने कमी नाही, हळूही आहे. कोटेशनवर कुठलं ते लिहिलेलं नाही, मुद्दामच असणार.
एसएमपीएस वेगळा, नावाच्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा). कॅबिनेटसोबत फुकट आलेला उडाला की जाताना बोर्डही घेऊन जाऊ शकतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅम महाग झालीय, तेव्हा १६ वर थांबा आणि १६ ची एकच पट्टी घेऊन एक स्लॉट (रॅमची खाच) रिकामा ठेवायचा की ८-८ च्या दोन घ्यायच्या ते लेकीला ठरवू द्या. एच६१० वर स्लॉट दोनच असतात.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. शनिवारी परत त्याच दुकानात गेलो. ६ जीबीचंच कार्ड निघालं! बदलून ८ चं, बिनएफचा प्रोसेसर, ५५० वॉटचा ब्राँझ. ७६,५०० झाले. यांनी वरच्या दीड हजारावर काही बोलायचं नाही असं ठरलंय. दुकानदार जोडून द्यायला तयार होता, पण लेकीने खोके बंदच आणले.
डायनिंग टेबलवर संध्याकाळी पाचपासून बसलोय. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या त्या चार पिना कट्ट आवाज होईपर्यंत दाबायच्या म्हणतात, बोर्ड एवढा वाकतो की मी डोळे मिटून घेतले. आता रात्रीचे पावणेबारा. सगळे पंखे फिरतायत, स्क्रीन काळा. यांनी अजून काही म्हटलेलं नाही, नुसते बघतायत.

चुंबक (नेरूळ):
बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, प्रोसेसरजवळ, ८ पिनांची एक वायर लागते. मोठ्या २४ पिनांच्या वायरीशिवाय वेगळी. लावलीय?

धागाकर्ती:
कॅबिनेटच्या मागे लोंबत होती. चालू झाला!