एम.एस्सी. प्रकल्पासाठी सुपरकंडक्टर : जुना वायबीसीओ की नवे निकेलेट?

गोदाकाठ, नांदेड
एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या प्रकल्पांचे विषय ठरू लागले की ‘सामान्य तापमानाचा सुपरकंडक्टर’ (म्हणजे थंड न करताच ज्याचा विद्युतरोध शून्य होतो असा पदार्थ) हा विषय घेऊन कोणी ना कोणी येतोच, आणि तो मंजूर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. २०२३ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातील एका गटाने एलके-९९ या शिसे-तांबे-फॉस्फेटच्या संयुगाबद्दल असाच दावा केला होता. त्याचा विद्युतरोध १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास एकदम घसरत होता खरा, परंतु ती करामत नमुन्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडची होती, हे काही आठवड्यांतच उघड झाले. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत वाढवलेले शुद्ध स्फटिक तर चक्क विद्युतरोधक निघाले. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘नेचर’मध्ये आलेला, ल्युटेशियम हायड्राइडबद्दल (ल्युटेशियम व हायड्रोजनचे संयुग) असाच दावा करणारा अमेरिकी शोधनिबंध नोव्हेंबरमध्ये मागे घेतला गेला.

विद्यार्थ्यांनी १९८७ सालचा वायबीसीओ, म्हणजे यिट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइड हा सुपरकंडक्टर, करावा. यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड प्रमाणात खलायचे, नऊशे अंश सेल्सिअसच्या वर भाजायचे, पुन्हा खलायचे, पेलेट (चकती) दाबून भाजायचे आणि ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश थंड करायचे. पेलेट काळे यायला हवे. हिरवट झाक आली तर भलतेच संयुग तयार झाले असे समजावे. (बेरियम कार्बोनेट विषारी आहे, हातमोजे विसरू नयेत.) मग चार तारांनी रोध मोजायचा, म्हणजे बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह आणि आतल्या दोन तारांवर विद्युतदाब, जेणेकरून जोडांचा रोध मोजणीत घुसणार नाही. शून्य रोध आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलण्याचा माइस्नर परिणाम, या दोन्ही गोष्टी दिसल्याशिवाय ‘सुपरकंडक्टर’ म्हणू नये. एलके-९९ च्या गाजलेल्या चित्रफितीत तुकडा अर्धवटच उचललेला होता, एक कड चुंबकावर टेकलेली होती, आणि तरीही जगभर लोकांनी माना डोलावल्या.

उदगीरकर
पेलेट थंड करायला द्रवनत्र (द्रवरूप नायट्रोजन) मिळत नाही ही सबब आपल्याकडे चालणार नाही. कृत्रिम रेतनाच्या गोठित रेतमात्रा त्यातच ठेवतात, त्यामुळे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत त्याची पात्रे नेहमी पोहोचत असतात. द्रवनत्र ७७ केल्विनला (उणे १९६ अंश सेल्सिअसला) उकळते आणि वायबीसीओ ९३ केल्विनच्या खाली काम करतो, म्हणजे एवढ्यावर भागते. रीतसर पत्र देऊन मागावे, इतकेच.

मांजराकाठ, लातूर
सर, आपल्या सावधगिरीबद्दल आदर आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. जो प्रयोग जगभरच्या महाविद्यालयांत चाळीस वर्षे होत आला आहे, तो करून विद्यार्थी हात साफ करील, पण आजचा प्रश्न काय आहे हे त्याला कळणार नाही. २०२३ मध्येच चीनमधील गटाने लँथनम निकेलेटमध्ये (लँथनम, निकेल व ऑक्सिजनचे संयुग) सुमारे ८० केल्विनला अतिसंवाहकता, म्हणजे सुपरकंडक्टरचा गुण, दाखवली. त्यासाठी वातावरणाच्या लाखाहून अधिक पट दाब लागला होता. पुढे तोच पदार्थ पातळ थरात, योग्य स्फटिकावर आकसलेल्या रूपात वाढवला तेव्हा दाबाशिवायही ४० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकतेची सुरुवात दिसली. २०१८ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ग्राफिनचे (कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा) दोन थर १.१ अंशाने फिरवून ठेवले, तर तेही १.७ केल्विनला सुपरकंडक्टर झाले. ही यंत्रसामग्री आपल्याकडे येणार नाही हे मान्य. परंतु क्वांटम एस्प्रेसोसारखी आज्ञावली फुकट मिळते आणि बऱ्या संगणकावर पदार्थाची इलेक्ट्रॉनिक रचना गणनेने काढता येते. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने खलबत्ताच का धरावा?

गोदाकाठ, नांदेड
मॅडम, एलके-९९ च्या वेळी अशाच गणनेने गोंधळ वाढवला. सपाट इलेक्ट्रॉन-पट्टे (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेची अशी रचना अतिसंवाहकतेला पोषक मानतात) दिसतात असा निष्कर्ष काही दिवसांत आला आणि लोकांनी तो पुरावा मानला. वास्तविक त्या गणनेत तांबे शिशाच्या एका ठरावीक जागीच बसले आहे असे गृहीत धरले होते. त्याहून मूलभूत अडचण अशी की लँथनम कॉपर ऑक्साइड, ज्यात बेरियम मिसळून बेडनोर्झ आणि म्यूलर यांनी १९८६ मध्ये उच्च तापमानाच्या अतिसंवाहकतेचा शोध लावला, तो पदार्थ साध्या घनता-फलन पद्धतीने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून गुणधर्म काढण्याची गणना) धातू ठरतो, आणि प्रत्यक्षात तो विद्युतरोधक आहे. पदार्थांच्या ज्या कुटुंबात पद्धत पहिल्याच पायरीवर चुकते, तिथे विद्यार्थ्याने आलेल्या आलेखावर विसंबायचे कसे?

मांजराकाठ, लातूर
ती का चुकते हे समजून घेणे हाच या शाखेचा गाभा आहे. शिवाय ती सगळीकडे चुकत नाही. लँथनमच्या हायड्राइडच्या अतिसंवाहकतेचे भाकीत २०१७ मध्ये गणनेने केले आणि २०१९ पर्यंत सुमारे १७० गिगापास्कल (वातावरणाच्या सोळा-सतरा लाख पट) दाबाखाली जवळपास २५० केल्विनला, म्हणजे उणे २३ अंशांना, ते प्रयोगात उतरले. इथे गणना पुढे होती आणि प्रयोग मागून आला.

औंढेकर, हिंगोली
दोघांच्याही वादात एक गोष्ट सुटते आहे. आमच्या तालुक्यात सुमारे २,६०० कोटींचा लायगो-इंडिया प्रकल्प (गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा) २०२३ मध्ये मंजूर झाला. तिथे लेसर, निर्वात आणि कंपनांपासून संरक्षण जाणणारी माणसे लागतील. मोजमापातला गोंगाट (आकड्यांतले अनियमित चढउतार) ओळखता येणारा विद्यार्थी तिथे उपयोगी पडेल, मग त्याने पेलेट भाजले असो वा नसो. आणि गावात डीपी जळली की ‘सुपरकंडक्टर आला की हे संपेल’ असे सांगणाऱ्यांना कृपया आवरा. जर्मनीतील एसेन शहरात २०१४ पासून सुपरकंडक्टरची केबल काही वर्षे चालवली, ती एक किलोमीटरची होती आणि तिलाही सतत द्रवनत्राने थंड ठेवावे लागे. डीपी जळते ती बहुधा जास्तीच्या भाराने.

गोदाकाठ, नांदेड
गोंगाटाचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. २०१८ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून सोने-चांदीच्या सूक्ष्म रचनांबद्दल अतिसंवाहकतेचा दावा आला, तेव्हा वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या दोन आलेखांतला गोंगाट हुबेहूब सारखा असल्याचे एमआयटीतील एका संशोधकाच्या नजरेस आले. ज्याने स्वतः रात्र जागून रोध मोजला आहे, त्याला हे चटकन खटकते. तरीही गणनेचे प्रकल्प मी सरसकट नाकारत नाही. विद्यार्थ्याने आधी लँथनम कॉपर ऑक्साइडची गणना करून धातूचे चुकीचे उत्तर काढून दाखवावे, त्याचे कारण लिहावे, आणि मगच निकेलेटला हात घालावा.

मांजराकाठ, लातूर
अट मान्य आहे, मात्र मग आपल्या प्रकल्पालाही एक अट असावी. ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवून दुसरे पेलेट करायचे, त्याचाही रोध त्याच चार तारांनी मोजायचा, आणि तेच संयुग एकदा सुपरकंडक्टर व एकदा विद्युतरोधक का होते याचे उत्तर अहवालात द्यायचे. पाककृती पाळून पहिले पेलेट कोणालाही जमेल. दुसऱ्याला भौतिकशास्त्र लागते.