इन्सुलिन सोडून देणं हा विश्वास का? लेंटमधल्या उपवासाबद्दल बोलायचंय

बेथेलची_लेक (जालना):
जय ख्रिस्त सगळ्यांना. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, लागल्यापासून आमच्याकडं उपवास प्रार्थना चालू हायत. बाहेरून आलेल्या एका प्रचारकानं तिथं सांगितलं की विश्वास पक्का असला तर गोळी-सुईची गरजच नाही, आन आमच्या गल्लीतल्या एका मावशीनं इन्सुलिन बंद केलं, वरून उपवास धरला. दोन-चार दिवसात उलट्या, पोटात कळा, श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला, घरच्यांना वाटलं उपवासाचं पित्त असंल. घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात) नेल्यावर डॉक्टर म्हणले रक्तात आम्ल वाढलंय, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती. आता बऱ्या हायत, देवाची कृपा. पण मला साफ बोलायचंय. बायबलात प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर हाय आन तुम्ही स्वतःचे नाहीत. मग ते मोडायचा हक्क मावशीला नाही, त्या प्रचारकाला तर मुळीच नाही.

पैठणचा_विश्वासी:
ताई, एकाच्या बोलण्यावरून तुम्ही चंगाईवरच, म्हणजे प्रार्थनेनं बरं होण्यावरच, शंका घ्यायलात. याकोब 5:14 उघडा, आजारी असंल तर मंडळीच्या वडिलांना (चर्चच्या वडीलधाऱ्यांना) बोलवा, तेल लावून प्रार्थना करा असं लिवलंय, दवाखान्यात न्या असं नाही लिवलं. मार्कच्या 5 व्या अध्यायातली रक्तस्रावाची बाई 12 वर्षं वैद्यांकडं पैसा घालून बसली, उलट जास्तच बिघडली, अन् येशूच्या वस्त्राला शिवल्याबरोबर बरी झाली. आमच्या वडिलांची दारू कोणत्याच औषधानं सुटली नव्हती, प्रार्थनेनं सुटली. घरात मारहाण थांबली, पगार घरी यायला लागला, हे मी डोळ्यानं बघितलंय. ते खोटं का?

बेथेलची_लेक:
दादा, वडिलांचं खोटं कोण म्हणतंय, स्तुती असो. उलट मी तेच म्हणायले, आत्म्याला जे मिळालं ते त्यांच्या शरीरापर्यंत पोचलं, घरापर्यंत पोचलं. पण त्याच 5 व्या अध्यायात थोडं पुढं वाचा, याईराची पोरगी मेलेली उठली, एवढा मोठा चमत्कार, आन येशू लगेच काय म्हणतो, हिला खायला द्या. चमत्कार झाला म्हणून पोरीची भूक गेली नव्हती ना. हिज्कीया राजाच्या गळवाला यशया संदेष्ट्यानं अंजिराचा लेप लावायला सांगितला. लूक तर वैद्यच होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो, धंदा सोड नाही म्हणला. याकोब तेल लावा म्हणतो, पण औषध फेका म्हणलेलं मला कुठं सापडंना.

जुना_संडेस्कूलवाला (बीड):
माझं दुखणं वेगळंच हाय. जो बरा होत नाही त्याचं काय? माझ्या घरात कॅन्सरनं माणूस गेलं तेव्हा मयतीच्या घरी येऊन लोकांनी सांगितलं, विश्वास कमी पडला तुमचा. हे बोल अजून कानात हायत. पौलानं शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे असं उत्तर आलं. त्याच्या सोबत्याला, त्रफिमाला, त्यानं मिलेताला आजारीच ठेवून पुढचा प्रवास केला. मग पौलाचा विश्वास कमी होता काय? आता दुसऱ्या बाजूला पण बोलतो, तरुण पोरांचं नुसतं जिम आन प्रोटीन चालूय, शरीराची कसरत थोडक्यापुरती उपयोगी हे तीमथ्याच्या पत्रातलं वाक्य त्यांनी पण वाचावं. शरीर देवाचं दान हाय, पण तेच देव करून बसू नका.

सिस्टर_उदगीर:
मी नर्स हाय, वॉर्डात दरवर्षी लेंट-रमजान-नवरात्र तिन्हीचे पेशंट बघते. शुगरच्या काही गोळ्या अन् इन्सुलिन नेहमीसारखं चालू ठेवून पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम खाली जाते, घाम, थरथर, चक्कर, अन् इन्सुलिन सोडलं तर मावशीसारखं होतं. म्हणून उपवासाआधी डॉक्टरला विचारा, डोस त्यांना ठरवू द्या. ज्यांना जमत नाही त्यांनी मोबाईल सोडा, चहा सोडा, तो पैसा गरिबाला द्या, यशयाच्या 58 व्या अध्यायात देवाला आवडणारा उपास असाच सांगितलाय. अन् टीबीचा कोर्स प्रार्थनेच्या जोरावर मधेच सोडू नका, औषधाला दाद न देणारा टीबी होतो, मग घरच्यांना पण तोच लागू शकतो. आपल्या आष्टी-पाटोद्याला लागून जामखेड हाय, तिथं 1970 पासून आरोळे डॉक्टर नवरा-बायकोनी ख्रिस्ताच्या प्रेमापोटीच खेड्यातल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं, त्यात कमी-शिकलेल्या, दलित बाया पण होत्या. ती सेवा अविश्वासाची होती असं कोण म्हणंल?

पैठणचा_विश्वासी:
सिस्टर, टीबीचं मान्य. जामखेडचं पण मान्य. पण उद्या तुम्ही चंगाई सभाच बंद करा म्हणाल तर मी विरोधात उभा राहीन. तांड्यावर, वस्तीवर रात्री दोन वाजता लेकरू तापलं तर गाडी मिळत नाही, डॉक्टर नाही, तिथं आईजवळ प्रार्थनाच असते.

बेथेलची_लेक:
त्या आईनं प्रार्थना करावीच दादा, आपण पण तिच्यासोबत करू, आन सकाळी तिच्यासाठी गाडी पण बघू. सभा बंद करा असं मी म्हणलंच नाही. आमच्या पाळकसाहेबांना मी एवढंच लिहून दिलंय की लेंटच्या पहिल्याच रविवारी घोषणा करा, शुगरवाले, गरोदर बाया, टीबीचा कोर्स चालू असलेले यांनी अन्नाचा उपवास धरायचा नाही, आन स्टेजवरून कोणी औषध सोडा म्हणलं तर तिथल्या तिथं माईक काढून घ्या.